ब्लॅकबर्नची खतावणी

माझे वडील औरंगाबादेत गुलमंडीवरच्या एका कापड दुकानात मुनीम होते. मी त्याच दुकानाच्या माडीवर बसून गेली अडतीस वर्षं आसपासच्या दुकानदारांचे हिशेब लिहितो. माडीचा जिना चढताना उजव्या हाताला एक कोठी लागते. तिथे लाल कापडात बांधलेल्या जुन्या वह्या आहेत आणि एक पत्र्याची ट्रंक आहे. ट्रंकेच्या झाकणाला आतून लक्ष्मीचं रंगीत चित्र चिकटवलेलं आहे. कमळ, दोन हत्ती, सोनेरी काठ, आणि खाली इंग्रजीत मँचेस्टरच्या कुठल्याशा पेढीचं अर्धं फाटलेलं नाव. विलायती कापडाच्या ताग्यांवर असे छाप लावून येत. गिऱ्हाइकाला अक्षर वाचता आलं नाही तरी चित्र ओळखता यायचं, आणि मागच्या वेळचंच धोतर पुन्हा मागता यायचं.

वडील म्हणायचे, "नाव मँचेस्टरचं आहे, पण ते व्यापाऱ्याचं गाव. विणणारं गाव वेगळं." ते गाव कोणतं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मला ते कळलं २०१० साली, आणि तेही फुटबॉलमुळे.

त्या वर्षी नोव्हेंबरात पेपरात बातमी आली की पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजने, म्हणजे वेंकीजने, इंग्लंडातला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब विकत घेतला. किंमत २ कोटी ३० लाख पौंड, शिवाय क्लबच्या डोक्यावरचं कर्ज. माझी भाची तेव्हा त्याच गावातल्या इस्पितळात नुकतीच नोकरीला लागली होती. तिचा फोन आला. "मामा, इथे सगळे मलाच विचारतायत, हे पुण्याचे लोक कोण म्हणून. मी काय सांगू?" मी तिला मला माहीत होतं ते सांगितलं. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी पुण्यात हे काम सुरू केलं. अंड्यांचा भाव व्यापाऱ्याने ठरवायचा आणि कोंबड्या पाळणाऱ्याने मुकाट घ्यायचा, ही रीत मोडण्यासाठी १९८२ साली त्यांनी देशभरातले उत्पादक अंडी समन्वय समितीत एकत्र आणले. राव १९९६ साली गेले, आता मुलगी आणि मुलगे कारभार बघतात. घर कष्टाचं आहे, असं सांग, मी म्हटलं.

मग मी तिला विचारलं, "तुझं हे ब्लॅकबर्न करतं काय?"

"आता काही विशेष नाही. पूर्वी म्हणे इथे धोतरं विणायचे. आपल्याकडे पाठवायला."

त्या रात्री मी कोठी उघडून ती ट्रंक बाहेर काढली.

ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधलं विणकरांचं गाव. सूत कातायचं जेनी नावाचं यंत्र बनवणारा जेम्स हारग्रीव्ह्ज याच परिसरातला. एकोणिसाव्या शतकात तिथे यंत्रमाग बसले आणि त्यातले कितीतरी फक्त हिंदुस्थानसाठी चालत. न धुतलेलं कोरं कापड, मांजरपाटासारखं, आणि काठाची धोतरं. म्हणजे पैठण, जालना, वैजापूर इकडचा शेतकरी गुलमंडीच्या ओट्यावर बसून जे धोतर घासाघीस करून घ्यायचा, त्यातला काही पैसा त्या गावच्या चुली पेटवायचा. तिथला फुटबॉलही त्याच पैशावर वाढला. १८५० च्या कारखाना कायद्याने शनिवारी दुपारी दोनला गिरणी बंद करायची सक्ती केली. दोनला भोंगा, मग घरी जाऊन दोन घास, आणि तीनला मैदान. इंग्लंडात शनिवारी दुपारी तीनला सामना सुरू व्हायची चाल ही अशी गिरणीच्या भोंग्यातून आली.

मालकाच्या पैशाची गोष्टही या गावात फार जुनी आहे. ब्लॅकबर्न रोव्हर्स १८७५ चा. पण गावात ऑलिम्पिक नावाचा दुसरा एक क्लब होता, गरीब वस्तीतला. सिडनी येट्स नावाच्या लोखंड ओतकामाच्या कारखानदाराने त्याला पैसा पुरवला. १८८३ च्या एफए चषकाच्या अंतिम सामन्याआधी त्याने खेळाडूंना समुद्रकाठी ब्लॅकपूलला सरावासाठी ठेवलं. त्या काळात हे कुणी करत नसे. संघात तीन विणकर, एक सूत कातणारा, एक प्लंबर, ओतकामातला एक मजूर, दातांच्या डॉक्टरचा एक मदतनीस. समोर ईटनच्या शाळेत शिकलेल्या खानदानी माणसांचा संघ. विणकर २-१ ने जिंकले. कष्टकऱ्यांच्या संघाने हा चषक पहिल्यांदाच उचलला.

नंतरची तीन वर्षं तो रोव्हर्सने घेतला. १८८५ साली खेळाडूला उघड पगार देणं कायदेशीर झालं आणि पगाराची शर्यत लागली. १८८८ साली लीग निघाली, तीत एका गावातून एकच क्लब घेतला, तो रोव्हर्स. ऑलिम्पिकचा पैसा आटत गेला. १८८९ साली, चषक जिंकल्यावर अवघ्या सहा वर्षांत, तो क्लब मिटला.

हे १८८९ साल माझ्या डोळ्यांत भरलं, कारण आमच्या शहरातली पहिली कापडगिरणी त्याच वर्षी उभी राहिली. सातशे माणसांना तिने काम दिलं. पुढे १९०० साली गोदावरी खोऱ्याची रेल्वे आली आणि कापूस बाहेर जाणं, कापड आत येणं दोन्ही सोपं झालं. आमच्याकडे, मुंबईकडे, अहमदाबादेकडे माग चालू लागले, पहिलं महायुद्ध झालं, विलायती मालावर बहिष्कार आला, जकाती बसल्या, आणि तिकडचे माग एकामागून एक थांबले. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी मुद्दाम लँकेशायरला गेले, ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेनमध्ये राहिले. ज्यांच्या पोटावर पाय आला होता त्याच गिरणीतल्या बायकांनी त्यांना गराडा घालून आनंदाने फोटो काढून घेतला. तो फोटो मी खूपदा बघितला आहे. माझे आजोबा खादी वापरायचे आणि विलायती कापडाच्या होळीत त्यांनी स्वतःचा कोट टाकला होता. ते बरोबर होते. त्या बायकांचाही काही दोष नव्हता. हिशेबाच्या वहीत जमा आणि नावे समोरासमोर असतात, पण नावेच्या बाजूला माणसं असली की हात थबकतो.

गाव उतरत गेलं तसा क्लबही उतरला. १९६६ साली तो वरच्या श्रेणीतून गेला तो पुढची सव्वीस वर्षं परत आला नाही. मग जॅक वॉकर आला.

वॉकर ब्लॅकबर्नचाच. वडिलांचं पत्र्याचं छोटं काम, त्यावर दोघा भावांनी पोलादाचा मोठा धंदा उभा केला आणि तो ब्रिटिश स्टीलला तीस कोटी पौंडांहून जास्त रकमेला विकला. लहानपणी ज्या संघासाठी ओरडला तो क्लब त्याने १९९१ मध्ये ताब्यात घेतला. केनी डाल्ग्लिशला व्यवस्थापक आणलं. १९९२ साली प्रीमियर लीग निघाली त्याच वर्षी ॲलन शिअररला ३३ लाख पौंडांत घेतलं, तेव्हाची ती इंग्लंडातली सर्वांत मोठी खरेदी. १४ मे १९९५ ला ब्लॅकबर्न लिव्हरपूलमध्ये हरलं, पण तिकडे लंडनला मँचेस्टर युनायटेड बरोबरीत अडकलं, आणि एका गुणाने विजेतेपद एका जेमतेम लाखभर वस्तीच्या गावाला मिळालं. म्हातारे गडी ढसढसा रडले, असं भाचीला तिच्या घरमालकाने सांगितलं.

मी २०१९ च्या उन्हाळ्यात भाचीकडे महिनाभर राहिलो तेव्हा इवूड पार्क बघून आलो. बाहेर वॉकरचा पुतळा आहे. क्लबच्या चिन्हावर लॅटिनमध्ये लिहिलंय, त्याचा अर्थ कौशल्याने आणि कष्टाने. वॉकरने खर्च केलेला पैसा मी मनात दोन खात्यांत टाकला. एक, खेळाडूंच्या किमती आणि पगार. ते खातं संपलं. शिअरर १९९६ साली दीड कोटी पौंडांना न्यूकॅसलला गेला, १९९९ साली संघ खालच्या श्रेणीत घसरला. दुसरं खातं, स्टँड, मैदान, तालमीची जागा. ते उभं आहे. आमच्याकडे मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी नहर बांधली. त्याच्या फौजा गेल्या, निजामशाही गेली, आणि त्यानंतरही तीनशे वर्षं त्या नहरीचं पाणी शहरातल्या हौदांत येत राहिलं. मातबर माणसाचा पैसा मातीत गेला की राहतो, महिन्याच्या पगारात गेला की महिनाभर राहतो.

वॉकर ऑगस्ट २००० मध्ये वारला. मागे विश्वस्त निधी होता, त्याने काही वर्षं क्लब सांभाळला. पण विश्वस्तांना निधी राखायचा असतो. वॉकरसारखं हौसेने उधळणं त्यांच्या कामात बसत नाही. ते गिऱ्हाईक शोधत राहिले, आणि दहा वर्षांनी पुण्याचं गिऱ्हाईक आलं.

पुढची हकिकत सगळ्या जगाच्या पेपरांत आली आहे, मी थोडक्यात सांगतो. महिन्याभरातच अनुभवी व्यवस्थापक सॅम ॲलरडाइस यांना काढलं, तेव्हा संघ वीसांत तेरावा होता. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ पुण्याला येऊन बालेवाडीत खेळून गेला. ७ मे २०१२ ला विगनविरुद्ध घरच्या मैदानावर हरून अकरा वर्षांनी प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. त्या दिवशी कुणीतरी क्लबचं निशाण पांघरलेली एक कोंबडी मैदानात सोडली. जगभर लोक हसले. मला तो फोटो भाचीने पाठवला तेव्हा फार वाईट वाटलं. तिथल्या माणसांचा राग मला कळत होता आणि पुण्याच्या त्या घराची नाचक्कीही टोचत होती. २०१७ साली संघ तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबावर अशी पाळी आधी कधी आली नव्हती. टोनी मोब्रे यांच्या हाताखाली तो पुढच्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीत परतला.

इतकं सगळं होऊनही मालकांनी दार लावून घेतलं नाही. दरवर्षी तोटा, दरवर्षी पुण्याहून पैसा. हे मी ऐकीव सांगत नाही. इंग्लंडात कोणत्याही कंपनीचा ताळेबंद सरकारी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर घरबसल्या फुकट वाचता येतो. मी दरवर्षी ब्लॅकबर्न रोव्हर्सचा वाचतो. मार्च संपून इथल्या लोकांची विवरणं सुरू व्हायच्या आधी मधे थोडी उसंत असते, तेव्हा. गुलमंडीच्या माडीवर बसून ब्लॅकबर्नचा ताळेबंद वाचणारा मी एकटाच असेन, पण वाचायला मला त्रास पडत नाही, कारण रोग ओळखीचा आहे.

तो असा. दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबाला मिळणारा दूरचित्रवाणीचा पैसा आणि पहिल्या श्रेणीतला पैसा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वर गेलं की सात पिढ्यांचं दारिद्र्य फिटेल असं वाटतं. वरून नुकत्याच घसरलेल्या क्लबांना काही वर्षं आधाराची जादा रक्कम मिळते, त्यामुळे ते चांगले खेळाडू राखतात, आणि बाकीच्यांना त्यांच्या बरोबरीने पगार द्यावे लागतात. २०१८-१९ च्या हंगामात या श्रेणीतल्या क्लबांचं एकूण उत्पन्न १०० धरलं तर पगार १०७ होते. गुलमंडीवर एखाद्या दुकानात गल्ला शंभराचा आणि नोकरांचा पगार एकशेसाताचा असेल, तर भाडं, वीज, माल हे सगळं कुठून येतं? घरून. शेठजी घरून आणतात. आमच्याकडे मी असं दुकान पाहिलं आहे. मुलाला दुकानाची हौस, वडिलांची शेती चांगली. नऊ वर्षं चाललं. वडील गेले, भावांनी शेत वाटून घेतलं, आणि तेराव्यानंतरच्या सोमवारी दुकानाला कुलूप लागलं. धंदा त्या दिवशी बुडाला असं लोक म्हणाले. वहीत तो पहिल्या वर्षीच बुडालेला होता.

हे घरून आणलेले पैसे वहीत कसे लिहिलेत, हे मी आधी बघतो. मालकाचं भांडवल म्हणून लिहिले तर ते दुकानाचे झाले. मालकाची उसनवारी म्हणून लिहिले तर दुकान मालकाचं ऋणी झालं, आणि उद्या त्याने मागितले तर द्यायचे कुठून? युरोपातल्या मोठमोठ्या क्लबांचं भवितव्य या एका नोंदीवर लटकलेलं आहे. चेल्सीचे मालक रोमन अब्रामोविच यांनी जवळपास दीडशे कोटी पौंड उसनवारीने घातले होते. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, त्यांच्यावर निर्बंध आले, आणि एका सकाळी जगज्जेत्या क्लबाला तिकीट विकायलाही सरकारची परवानगी लागू लागली. क्लब अडीचशे कोटींना विकला गेला म्हणून वाचला. मँचेस्टर युनायटेडची गत उलटी. २००५ साली ग्लेझर घराण्याने कर्ज काढून क्लब घेतला आणि ते कर्ज क्लबाच्याच डोक्यावर बसवलं. म्हणजे गाय विकत घ्यायचे पैसे गाईच्या दुधातून फेडायचे.

ब्लॅकबर्नच्या ताळेबंदात एक नोंद मला रात्रभर जागवून गेली. २०२१ च्या सुमारास क्लबाने ब्रॉकहॉलची आपली तालमीची जागा मालकांच्याच दुसऱ्या कंपनीला विकली. तोट्याला लीगने मर्यादा घातली आहे, आणि अशी विक्री दाखवली की त्या वर्षीचा तोटा कमी दिसतो. नियमात बसतं. इतर क्लबांनीही केलं आहे. पण वॉकरने जी दुसऱ्या खात्यात टाकली होती, तीच ही जमीन. खेळणारी पोरं तीच, गवत तेच, सातबारा मात्र दुसऱ्याच्या नावावर.

मग भारतातच अडचण आली. मालकांविरुद्ध अंमलबजावणी संचालनालयाची चौकशी सुरू होती. तिच्यात काय निष्पन्न होईल ते कोर्ट ठरवेल. पण २०२३ पासून इंग्लंडला पैसे पाठवायचे तर दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी आणि बँकेची हमी लागू लागली. कल्पना करा, लँकेशायरमधल्या एका गावातली माणसं दिल्लीच्या कोर्टाच्या तारखा बघू लागली. पुढची तारीख कधी पडेल, हे भाची मला विचारायची, जसं काही मी तिथला कारकून आहे. फेब्रुवारी २०२४ च्या पहिल्याच दिवशी ॲडम व्हार्टन विकला गेला. ब्लॅकबर्नचाच मुलगा, सहाव्या वर्षापासून क्लबात वाढलेला. त्याच उन्हाळ्यात तो इंग्लंडच्या संघात युरो स्पर्धेला गेला. भाचीचा मुलगा त्याच्या नावाचा शर्ट घालून शाळेत जायचा. त्याने फोनवर विचारलं, "मामाआजोबा, आपल्या गावचा मुलगा आपणच का विकायचा?" मी त्याला समजेल असं उत्तर द्यायचा प्रयत्न केला आणि मला ते नीट जमलं नाही.

२०१९ च्या त्या मुक्कामात मी आणखी एक गोष्ट बघितली, ती मनातून जात नाही. ब्लॅकबर्नपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर बरी नावाचं गाव आहे, तेही सूतगिरण्यांचं. तिथला क्लब १८८५ चा, दोनदा एफए चषक जिंकलेला. आदल्या वर्षाअखेर तो एका पौंडाला विकला गेला होता. कर्जं निवारली नाहीत. एका माजी संचालक बाईंनी मैदानाच्या भिंतीवरच्या पाइपाला स्वतःला बेडीने बांधून घेतलं. २७ ऑगस्टला, शेवटच्या दिवशी, कुणी घेणारा येईल या आशेने शेकडो माणसं झाडू, फडकी, रंगाचे डबे घेऊन मैदान स्वच्छ करायला आली. पाहुणे येणार म्हणून आपण घर सारवतो तशी. रात्री लीगने क्लब काढून टाकल्याचं जाहीर झालं. भाचीच्या बैठकीत मी टीव्हीवर ते बघत होतो. एक म्हातारा खुर्च्यांच्या रांगेत फडकं हातात धरून नुसता उभा होता.

आणि त्याच ऑगस्टअखेर इकडे आपल्या पुण्याचा क्लबही मिटला. एफसी पुणे सिटी, २०१४ साली निघालेला, वाधवान समूहाचा. त्या घराचा पतपुरवठ्याचा धंदा कोसळला आणि पाच वर्षांचा क्लब त्याखाली सापडला. त्याआधी २००७ ते २०१५ पुणे एफसी होता, दुसऱ्या एका उद्योगसमूहाचा, तोही गेला. पुणे सिटीची लीगमधली जागा हैदराबाद एफसीला मिळाली. त्यांनी २०२१-२२ ची स्पर्धा जिंकली, मग पगार थकले, आणि २०२५ मध्ये तो संघ दिल्लीला गेला.

हैदराबादचं नाव निघालं की मला वडील आठवतात. आमचं शहर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होतं. मॅट्रिकनंतर वडील दोन वर्षं हैदराबादला होते आणि त्यांनी तो काळ बघितला होता. हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ, प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक. १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. रहीमसाहेबांच्याच हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला, १९६२ ला जकार्त्यात सुवर्णपदक घेतलं, आणि पुढच्या वर्षी ते कर्करोगाने गेले. वडील सांगायचे, पोलिसांच्या संघातल्या पोराला पहिल्यांदा नोकरी मिळायची, मग बूट. सामना हरला तरी पहिल्या तारखेला पगार, खेळ सुटला तरी निवृत्तिवेतन. तिथे मालक सरकार होतं. मुंबईत ते काम गिरण्यांनी आणि कंपन्यांनी केलं, टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र. महिंद्रचा संघ १९६२ चा, २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला. २०१० साली कंपनीने तो बंद केला, पैसे नव्हते म्हणून नाही, धोरण बदललं म्हणून. रोव्हर्स चषक त्याआधीच, शंभरी ओलांडून, थांबला होता.

या सगळ्यांत एक गाव मात्र मला वेगळं दिसतं, ते कोल्हापूर. तिथल्या संघांची नावं बघा: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. नाव पेठेचं, तालमीचं. छत्रपती घराण्याचा आश्रय आहे, शाहू स्टेडियम आहे, पण संघ पेठेचा. घरचा माणूस खेळतो, शेजारचा वर्गणी देतो, हरल्यावर शिव्याही तोच देतो. पैसा थोडा, भांडणं पुष्कळ, पण दर हंगामात मैदान भरतं आणि कुठलीही तालीम एका पौंडाला विकली गेलेली नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला, आणि पुढे तो काही काळ सरावाला गेला तो ब्लॅकबर्न रोव्हर्सकडेच. जर्मनीतही १९९८ पासून नियम आहे की क्लबातली निम्म्याहून एक तरी जास्त मतं सभासदांकडेच राहिली पाहिजेत. लेव्हरकुसेनच्या औषध कंपनीसारखे जुने अपवाद सोडले तर तिथे कुणी धनिक येऊन अख्खा क्लब खिशात घालू शकत नाही. वर्गणीची पावती म्हणजे मत. हे आपल्या गणेश मंडळाच्या कार्यकर्त्याला न शिकवता कळेल.

इंग्लंडने इतक्या वर्षांनी, २०२५ च्या जुलैत, फुटबॉलसाठी कायदा केला. स्वतंत्र नियामक आला, क्लबाला परवाना, मालकाची पारख, आणि मैदान विकायचं किंवा हलवायचं तर नियामकाची संमती. भाचीने विचारलं, याने काही होईल का? मी तिला म्हटलं, ब्रॉकहॉलसारखी नोंद पुन्हा करणं अवघड झालं तरी मी समाधानी आहे. बाकी पगाराची शर्यत कायद्याने थांबेल असं मला वाटत नाही. १८८५ पासून ती कुणाला थांबवता आलेली नाही.

पुण्याच्या त्या घराबद्दल मी इथे अनेकदा वाद घातला आहे. आमच्या माडीवर चहाला येणारे दोघे-तिघे म्हणतात, दरवर्षी इतका पैसा घालतात, वर शिव्या खातात, सोडून का देत नाहीत? माझं म्हणणं एवढंच आहे की सोडायचं तर मैदान आणि तालमीची जागा आधी क्लबाच्या नावावर करून सोडावं. एखाद्या मोठ्या माणसाने धर्मशाळा बांधली आणि दहा वर्षांनी तिची विहीर स्वतःच्या मळ्याला जोडून घेतली, तर गाव धर्मशाळेचं पुण्य विसरतं. वेंकीजनी घातलेला पैसा खरा आहे, मी तो आकड्यांत बघितला आहे. तो वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, जितकं त्या गावासाठी तितकंच त्यांच्यासाठी.

मागच्या दिवाळीत वहीपूजनाच्या आधी मी कोठी झाडली, ट्रंक पुसली, आणि लक्ष्मीच्या त्या छापाचा फोटो काढून भाचीच्या मुलाला पाठवला. खाली लिहिलं की हे धोतर बहुधा तुझ्या गावात विणलेलं असेल. त्याने तो शाळेत दाखवला. त्याच्या वर्गातल्या एका मुलाची पणजी मागावर काम करायची, तिच्या घरी असाच एक छाप चौकटीत लावलेला आहे म्हणे, मोराचा.

थंडीच्या दिवसांत शनिवारी रात्री साडेआठच्या सुमाराला गुलमंडीवर शटर खाली ओढायला सुरुवात होते. एकेक करून, औरंगपुऱ्याच्या बाजूने इकडे, तो आवाज सरकत येतो. तिकडे तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असतात. मी दिवा घालवत नाही. फोन टेबलावर वहीला टेकवून उभा करतो, आणि भाचीचा मुलगा स्टँडमधून पहिला संदेश पाठवतो, संघ कोणता उतरला त्याचा.